घरचा पासवर्ड

आमच्या घराला दारं आहेत, फक्त ती लावायची नाहीत. सकाळी सासूबाई उठून हॉलचं दार उघडतात, ते निजायच्या वेळीच लागतं. मधल्या वेळात कुणी खोलीचं दार ओढून घेतलं तर त्याचे दोनच अर्थ. एक तर माणूस आजारी, नाही तर नवराबायकोचं वाजलंय. लग्न होऊन शिळफाट्याला आले त्या आठवड्यात मी साडी बदलायला दार लावलं, तर बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "उज्वला, बरं नाय का गं?" तेव्हापासून मी न्हाणीत साडी बदलते. सवय म्हणाल तर झाली आहे. राग म्हणाल तर तोही आहे, आणि तो काही न्हाणीत मावत नाही.

घरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले ते माझ्या मोठ्या दिरांनी, हरेश भावजींनी. ते एका ऑफिसात ऑपरेटर आहेत. आळीत कुणाचा मोबाईल अडला की आधी त्यांच्याकडे येतो. जाऊबाई बाळंतपणाला माहेरी, चौक गावाला गेल्या, भावजींना घरात करमेना आणि रिकामपणी माणसाला नाही ते सुचतं. एक त्यांचा कॉम्प्युटर, एक हॉलमधला जुना, ज्याला टीव्ही जोडलेला आहे, आणि तिसरा माझा लॅपटॉप. माझा म्हणजे माझाच. कर्जतच्या एका छापखान्याचं टायपिंग मी घरी बसून करते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाची कार्डं, जे येईल ते.

"आता कुणाची बी फाईल कुठनं बी उघडंल," भावजी म्हणाले आणि माझ्याच खुर्चीवर बसून माझ्याच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरले. सगळा डी ड्राइव्ह त्यांनी शेअर केला. मग खाली खाली जात एका जागी थांबले. तिथे लिहिलं होतं, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग. त्यांनी ते बंद करून टाकलं.

"ते कशाला बंद?" मी विचारलं.

"चालू ठेवलं तर आईला दर टायमाला नाव आन् पासवर्ड टाकावा लागंल. तिला कुठं जमतंय."

"माझी कामाची कागदं असतात त्यात, भावजी. प्रश्नपत्रिका असतात."

"मग? आपल्या घरात कुणापासनं काय लपवायचं हाय?"

या वाक्याला उत्तर नाही. काही आहे म्हणालात तर तुम्ही चोर. काही नाही म्हणालात तर मग टाका दार उघडं. माझा नवरा किशोर तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "बरोबर हाय दादाचं." किशोरला दादाचं नेहमीच बरोबर वाटतं. कंपनीत पाळी करून आलेल्या माणसाला कुणाचंही बरोबर वाटत असावं.

फायदा झाला तो सासूबाईंचा. आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीला जाऊन आलो होतो, त्याचे फोटो माझ्या लॅपटॉपवर होते. आता रोज दिवेलागणीला त्या हॉलमध्ये बसून टीव्हीवर ते फोटो लावायच्या. गर्दीत त्या स्वतःच कशा नीट दिसतात, किशोरचे डोळे कसे मिटलेत, हे शेजारच्या भागीमावशीला रोज नव्यानं सांगायच्या. ते बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्याच ड्राइव्हमध्ये, त्या फोटोंच्या दोन फोल्डर खाली, माझा जीव टांगलेला होता.

माझे वडील नामा शाहीर, कडावचे. त्यांची गायन पार्टी होती. भीमगीतं गात ते पार मुरबाडपासून पेणपर्यंत फिरायचे आणि मी परकर सावरत मागे कोरसमध्ये उभी असायचे. पुढे गळा सुटला तशी दोन पावलं पुढे आले. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगी पसंत हाय. गाणंबिणं मातर आता नाय. पार्टीवाल्यांची घरं मी बघितलीत. माणूस टाळ्या घेतो आन् बाईल चूल फुकत बसते." त्या खोटं बोलत नव्हत्या. माझ्या आईनं तेच केलं होतं, म्हणून आईच आधी मान हलवून मोकळी झाली. मला कुणी विचारलं नाही. वडिलांनीही हो म्हटलं, मात्र त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आता वडील नाहीत. पार्टी चालवतो तो राकेश, त्यांचा पेटीवाला, मला बहिणीसारखा. या भीमजयंतीला कडावला मोठा कार्यक्रम धरला होता आणि त्यांची गाणारी बाई पनवेलला राहायला गेली. राकेशनं फोन केला. म्हणाला, "ताई, जुन्या माणसांना तुझा आवाज आठवत नाय. दोन गाणी म्हणून पाठव. त्यांनी हो म्हणलं तर शाहिरांच्या जागी तूच उभी राहायचं." मी ओट्याशी उभी होते. हातातलं पीठ हातातच वाळलं.

घरात गायचं कुठं? दार लावता येत नाही. सासूबाई विहारात गेल्या, भावजी ऑफिसला, किशोर पाळीवर, अशी वेळ साधून मी पलंगावर बसायचे आणि लॅपटॉपसकट डोक्यावरून गोधडी घ्यायचे. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून. कानात वायर, तोंडाशी बारका माईक, आणि एप्रिल तोंडावर आलेला. घामानं अंगाला साडी चिकटायची आणि मी मोकळ्या आभाळाचं गाणं म्हणायचे. हसू यायचं आणि रडूही. पण गळा होता. इतक्या वर्षांनी हाक मारली तर तो आला, हे मला त्या गोधडीत कळलं.

दोन्ही गाणी झाली, राकेशला पाठवली. खोडून टाकायला हवी होती, पण बोट वळेना. लग्नानंतरचा माझा तेवढाच आवाज होता. मी ती एका फोल्डरमध्ये टाकली आणि फोल्डरला नाव दिलं, सहावी भूगोल. म्हटलं, याला कोण हात लावतंय.

भावजींनी लावला. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, "उज्वला, तुझ्या भूगोलात गाण्याच्या फायली कशा काय गं? चुकून पडल्यात वाटतं. उद्या मी सगळं जागच्या जागी लावून देतो."

"छापखान्याचं आहे, मी लावते," असं काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर मी पहिलं काम केलं ते डी ड्राइव्हचं शेअरिंग काढलं. संध्याकाळी भावजींनी ते परत घातलं. "आपोआप निघालं वाटतं," म्हणाले. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

मग मी व्हिडिओ बघून बघून शिकले. भावजी ज्या ठिकाणी थांबले होते तिथपर्यंत गेले आणि त्यांनी बंद केलेलं परत चालू केलं. हॉलमध्ये जाऊन तिथून उघडून पाहिलं. चौकट आली, नाव आणि पासवर्ड मागायला लागली. माझ्या खात्याला पासवर्डच नव्हता, म्हणून रिकामंच पुढे ढकललं, तर नाही म्हणाली. रिकाम्या पासवर्डाचं खातं बाहेरून उघडतच नाही, असं व्हिडिओतला मुलगा सांगत होता. म्हणजे पासवर्ड ठेवणं आलं.

आमच्या आळीत पासवर्ड ठेवणं म्हणजे ठेवल्यासारखंच आहे. कुणाच्याही घरचं वायफाय घ्या, १४१०१९५६ टाकलं की उघडतं. बौद्ध धर्म घेतला त्या दिवसाची तारीख. त्यानं नाही उघडलं तर बाबासाहेबांच्या जन्माची टाका. पाहुणा आला तर पासवर्ड विचारत नाही, सरळ टाकतो आणि उघडल्यावर घरच्यासारखा बसतो. तेव्हा मी दोन्ही तारखा सोडल्या आणि दुसरंच काहीतरी ठेवलं. टाकताना बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा कडी आतून लावली आणि कुणी "बरं नाय का गं" म्हणून विचारलं नाही.

पण घाईत अक्कल गहाण पडते. मला एक भूगोल लपवायचा होता आणि मी आख्ख्या लॅपटॉपला कुलूप घातलं. नागपूरसुद्धा आत गेलं.

दिवेलागणीला सासूबाईंनी फोटो लावले आणि टीव्हीवर ती चौकट आली. भागीमावशी बाजूला बसलेली. "हरेश, हे काय मागतंय रं?" भावजी आले, त्यांनी चौदा-दहा-छप्पन्न टाकलं. नाही उघडलं. जन्मतारीख टाकली. नाही. गेलेल्या सासऱ्यांच्या नावानं करून पाहिलं, किशोरच्या नावानं करून पाहिलं. मी ओट्याशी भाकरी थापत होते. हॉलमधून प्रत्येक नाही ऐकू येत होतं. भागीमावशी उठली, म्हणाली, "येते गं सुनंदा." ती इतक्या लवकर कधीच उठत नाही.

"उज्वला, जरा बाहेर ये," भावजींनी हाक मारली.

तवा उतरवून मी गेले. किशोर नुकताच आला होता, पायातले बूट अजून तसेच होते.

"पासवर्ड तू घातलास?"

"हो."

"घरचा का नाय ठेवला?"

मी हातावरचं पीठ पदराला पुसलं. सासूबाई टीव्हीकडेच बघत होत्या, जसं काही ती चौकट आपण होऊन सांगणार होती. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यात आजवर कुनी कडी लावली नाय गं. काय असंल ते सांग. आमी काय मारत नाय तुला."

गाणी सापडली असती तर दोन शब्द बोलले असते, रागावले असते. पण कुलूप सापडलं होतं. कुलूप सापडलं की आत काय असेल ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि सुनेच्या कुलपात काय असतं, हे आळीत सगळ्यांना पाठ असतं. किशोरनं बूट काढले. पुन्हा घातले. मग म्हणाला, "कोन हाय?"

एवढंच. भागीमावशी अजून फाटकापाशीच रेंगाळत होती.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती काय असते, ते मी त्या हॉलमध्ये उभी राहून पाहिलं. पासवर्ड सांगितला तर गाणं गेलं. नाही सांगितला तर नवरा गेला, घर गेलं, आणि कडावला आईच्या दारात तोंड घेऊन जायची सोय गेली. शेजारून कुकरची शिट्टी ऐकू आली. माझा आवाज निघाला तो माझाच मला ओळखू आला नाही.

"टाका. नामाशाहीर. सगळं जोडून, इंग्रजीत."

भावजींची बोटं थांबली. सासूबाईंनी पहिल्यांदा टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"बापाचं नाव?" त्या म्हणाल्या.

"हो. दुसरं कोण असणार?" हे मी किशोरकडे बघून म्हणाले. त्यानं मान खाली घातली, आणि घालायलाच हवी होती.

भावजींनी नाव टाकलं. नागपूर उघडलं, भूगोल उघडला आणि टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज हॉलभर झाला. गोधडीतून गायलेलं गाणं ते. मी भिंतीला टेकले. पहिलं गाणं संपलं. दुसरं लागलं. कुणी बंद करा म्हणेना. ते संपलं तेव्हा सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या हसल्या.

"एवढंच व्हय? आन् त्यापायी कडी लावलीस? येडी का काय. गळा ग्वाड हाय गं तुजा."

किशोरसुद्धा हसला. सगळं घर एकदम सुटल्यासारखं हसलं. मीही हसले असेन. भावजींनी लगेच माझा लॅपटॉप मागवून पासवर्ड बदलला, चौदा-दहा-छप्पन्न ठेवला, आणि ते पासवर्ड प्रोटेक्टेड काय असतं ते पुन्हा बंद केलं. "झालं. आता कटकट नाय," म्हणाले.

मला वाटलं सुटले. आगीतून फुफाट्यात पडले होते, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला सासूबाईंनी नागपूर लावलंच नाही. भागीमावशीला हाक मारून बोलावलं आणि माझी गाणी लावली. त्यांना तिच्या डोळ्यांतला कालचा संशय पुसून काढायचा होता, ते मला समजत होतं. "आमची उज्वला. शाहिराची पोर हाय, काय समजलीस?" भागीमावशीनं दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना आणलं. मग रोजच झालं. कधी पाणी भरायला आलेली बाई थांबायची, कधी भावजींचे मित्र. हॉलमध्ये माझा आवाज आणि मी ओट्याशी त्यांचा चहा उकळत. कुणी आत येऊन म्हणायची, "किती ग्वाड गातेस गं," आणि कप घेऊन परत ऐकायला जायची. मला कुणी गा म्हणून सांगितलं नाही. गाणं होतंच की तिथे, माझी काय गरज?

राकेशचा फोन सगळ्यांच्या देखत आला. जुन्या माणसांनी हो म्हटलं होतं. रविवारी दुपारी कडावच्या विहारात तालीम.

मी किशोरला सांगितलं, किशोरनं सासूबाईंना. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांना गाणी पाठवलीस ना? मग ती वाजवतील की. तुजं जायाचं काय काम?"

"आई, पार्टीला माणूस उभा लागतो. कोरस, ढोलकी, सगळं समोरासमोर असतं."

"मी करतो सोय," भावजी म्हणाले. खरंच आनंदानं म्हणाले. "तू हितं हॉलमधी बसून गा. मी नेटवरनं तिकडं जोडून देतो. तिकडं स्टेजवर मोठा स्क्रीन लावला की झालं. घरच्या घरात कार्यक्रम."

किशोर म्हणाला, "बरोबर हाय दादाचं."

शनिवारी दिवसभर मी टायपिंग केलं. सहावीचा भूगोल खराखुरा आला होता, सह्याद्रीच्या रांगा आणि खिंडी. टाईप करता करता वाटलं, वडील त्या दिवशी का जेवले नाहीत ते मी कधी विचारलंच नाही. मला वाटत होतं त्यांना माझं लग्न ठरल्याचं वाईट वाटलं. तसं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्याला कडी लावली होती आणि किल्ली दुसऱ्यांना दिली होती. भाकरी गोड लागेल कशी?

रविवारी विहारातून वंदना करून सासूबाई पाच-सहा बायकांना बरोबर घेऊनच आल्या. हॉल भरला. भावजी खुर्चीवर, किशोर सुट्टी म्हणून दारापाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेला. सासूबाईंनी आतल्या बाजूला तोंड करून हाक दिली, "उज्वला, चहा टाक गं," आणि टीव्ही लावला. आता त्यांना सगळं जमत होतं. कुठे दाबायचं, कुठे जायचं. भूगोलात गेल्या.

आत काही नव्हतं.

"हरेश, गाणी कुठं गेली रं?"

भावजींनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. "नायत. कुनी तरी खोडली."

मी बाहेर आले. चहा घेऊन नाही. पांढरी साडी नेसले होते, निळ्या काठाची, वडिलांबरोबर गाताना नेसायचे तशी. खांद्याला पिशवी. नेसले होते खोलीतच, दार लावून, सगळे विहारात गेले तेव्हा, आणि त्या वेळी विचारायला घरात कुणी नव्हतं.

"मी खोडली, आई."

"का गं? आता ह्यांना काय ऐकवू मी?"

त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मला त्यांची दया आली, आणि तरी मी बोलले. "ऐकायचं असेल तर जयंतीला कडावला या. सगळ्या या. पुढच्या रांगेत बसवते तुम्हाला. घरात आता आवाज नाही माझा, मी घेऊन चालले आहे."

भावजी माझ्याकडे बघत होते, मग टीव्हीवरच्या रिकाम्या फोल्डरकडे, जसं काही कुठलं तरी सेटिंग चुकलं होतं आणि ते सापडलं की मी परत ओट्याशी जाणार होते. किशोरनं वर्तमानपत्र खाली केलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी थांबले, कारण तो नवरा आहे माझा. त्यानं दादाकडे पाहिलं.

"परत कदी येशील?" सासूबाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"तालीम झाली की."

"आन् आमी नाय म्हनलं तर?"

मी चपला घातल्या. शिळफाट्यावरून कर्जतची गाडी मिळते, तिथून कडाव. आडवं यायला कुणी उठलं नाही. आणि दार, ते तर सकाळपासून उघडंच होतं.